बोनेटवरची स्टेपनी

पूर्णा, मे २००६. वरातीच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ.

मनीषा, तारीख टाकलीस ना? नाहीतर परवा तूच हे मला वाचून दाखवशील आणि विचारशील, "आजी, हे कधीचं?" डोकं आहे का चाळण?

लिही. आज माझं टाळकं फिरलंय. तुझ्या आज्यानं मिलिटरीच्या लिलावातून आणलेली जीप तुझ्या बापानं, दत्तूनं, वर्षभर खपून जशी होती तशी उभी केली. रंग तोच, दिवे तेच. आणि स्टेपनी? मिलिटरीनं ती मागं लावलेली. माझ्या लेकानं काढून बोनेटवर बसवली! का, तर उद्या तुझ्या भावाच्या वरातीत मागं डीजेचा स्पीकर ठेवायचाय.

"आई, रुबाब दिसतो."

मेल्या, रुबाब दिसतो, रस्ता दिसतो का? वरातीत बारकी पोरं जीपच्या पुढंच नाचतात. दत्तूला बापाचं नाक मिळालं, उंची न्हाय. त्याला स्टेरिंगवर बसवला, तुला पुढं उकिडवी बसवली.

"काय दिसतं रं?"

"टायर."

"आणि मनी?"

सीटवरून उठून मान लांब करायला लागला.

तरी म्हणतो, "बघू सकाळी." बघू काय? मागची जागा स्टेपनीची. स्पीकर टेम्पोत घाला. मीच जास्त बोलते का? बोलते. बोलणारच.

गॅरेजवर निरोप धाड. स्टेपनी मागं लागली की मेकॅनिकला तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलांचं कालवण पाठव. दत्तूला तोवर नुसती पेज. वाटी जीपच्या पुढं ठेव, स्टेरिंगवरून दिसली तर खाईल.