श्राद्धाच्या दिवशीचा पाठ

आत्याबाई, या वर्षी तुमच्या श्राद्धाचा स्वयंपाक मी केला नाही. तुम्हाला जाऊन तप उलटलं. दर वर्षी वडे, खीर, तिळाची चटणी, सगळं याच हातांनी केलं, ओल्या केसांनी आणि उपाशी पोटी. या वर्षी नेमक्या त्याच दिवशी मी माझ्या बी.एड.चा शेवटचा पाठ घेतला. तुमची लेक याला काय म्हणते ते मी इथे लिहीत नाही. माफी मागायला हे पत्र नाहीच मुळी. सुनेनं काय केलं ते सुनेच्याच तोंडून कळावं, एवढंच.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी हा विषय काढला होता, आठवतं? तुम्ही शाळेतून नुकत्याच आला होता, हेडमास्तरीण बाई. मी कॉफी हातात दिली आणि धीर करून म्हटलं, मलाही शिकवायचंय, बी.एड. करते. तुम्ही कॉफीवर फुंकर घातलीत आणि म्हणालात, "एका घरात एक मास्तरीण पुरे ग. दोघी फळ्यापुढे उभ्या राहिल्या तर चुलीपुढे कोण?" झालं, विषय संपला. मामंजी पेपराआड गेले, तुमचे चिरंजीव मोरीकडे गेले. मी कपबशी विसळली. इतका राग आला होता मला त्या दिवशी! अजूनही येतो, खरं सांगते.

पुढे मामंजी गेले आणि त्यांच्या पहिल्याच वर्षश्राद्धाला तुमच्या शाळेत परीक्षा होत्या. तुम्ही सकाळी मला मडीत, म्हणजे सोवळ्यात, उभं केलंत. तिसऱ्यांदा अंघोळ, कारण माझा हात दुधाच्या पिशवीला लागला होता. मग स्वतः छत्री उचलून शाळेत गेलात आणि पानं मांडायच्या वेळेला परत आलात. त्याच रात्री जेवताना तुम्ही अभिमानानं सांगितलंत की एक बाई आईचं श्राद्ध उरकून उशिरा आली, तर तुम्ही तिची गैरहजेरी मांडली. "श्राद्ध तिच्या घरचं, हजेरी सरकारची. रूल म्हणजे रूल." मी वाढत होते. घरात मडीचे नियम, शाळेत हजेरीचे नियम, दोन्हीकडे तुम्ही एका तसूनंही हलला नाहीत, असं सगळी चामराजपेट म्हणायची. पण तुमच्या दोन नियमांचं कधी भांडण झालं नाही, ते मधे मी उभी होते म्हणून. हे कुणी म्हटलं नाही. मी आज म्हणतेय.

हात थरथरायला लागले तेव्हा तुम्ही तुमचं मडीचं रेशीम मला दिलंत. अंजिरी रंगाची साडी, उंच दांडीवर काठीनं वाळत घालायची, अंगावर असताना कुणाला शिवायचं नाही. "आता हे तुझं," म्हणालात. देणगी म्हणून दिलंत की ड्यूटी म्हणून, ते मला आजवर कळलेलं नाही.

तुम्ही गेल्यावर मी गल्लीतल्याच एका प्रायव्हेट शाळेत लागले, विज्ञान शिकवायला, बी.एड. नसताना. मग पार्ट-टाइम बी.एड.ला नाव घातलं. शनिवार-रविवार वर्ग, आठवडाभर नोकरी. नियमावली केवढी म्हणता! नोकरीत असलं पाहिजे, हजेरी भरली पाहिजे, सरावपाठ झाले पाहिजेत, दोन वर्षांचा कोर्स फार तर पाच वर्षांत संपवला पाहिजे. माझी पाचही गेली. एकदा यांचं ऑपरेशन, एकदा मुलाची बारावी, एकदा हजेरी कमी पडली. पार्ट-टाइम म्हणजे उरलेल्या वेळात. आणि बाईचा वेळ उरतो कुठे? यंदा शेवटची संधी होती. शाळेनंही सांगून टाकलं होतं, जूनपासून पदवी नसेल तर वर्ग नाही, ऑफिसात बसून फिया घ्या. आणि वेळापत्रक लागलं तर शेवटचा पाठ तुमच्या तिथीला!

गेले ना मी कॉलेजच्या ऑफिसात. म्हटलं, सर, स्वल्प, जरासा एक दिवस पुढे-मागे करा. त्यांनी नियमावली माझ्याकडे फिरवली. स्वतः दवाखान्यात असाल तर चालतं, जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू झाला असेल तर चालतं. मी म्हटलं, मृत्यूच आहे, सासूबाईंचा. "कधी वारल्या, मॅडम?" मी सांगितलं. बिचारे हसू दाबत कन्नडमध्ये म्हणाले, "हळे डेथ नडेयल्ल, मॅडम." जुना मृत्यू चालत नाही! आत्याबाई, आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही नियमात बसला नाहीत.

घरी वन्सं फोनवर कडाडल्या. "वहिनी, आईचं वर्षातून एकदाच असतं!" म्हटलं, तुम्ही या मग व्हाइटफील्डहून, मडी मी काढून ठेवते. तर त्यांच्या ऑफिसात त्या दिवशी काहीतरी रिलीज होतं, रजा मिळणार नव्हती. त्यांची रजा मिळत नाही ती अडचण, आणि माझी मिळत नाही ती थेरं! हे नेहमीसारखे मोरीकडे निघाले होते. मी वाट अडवली. म्हटलं, मठात श्राद्ध करतात, स्वयंपाकासकट. तुमची आई, तुम्ही जा. खांद्यावरचा टॉवेल खुंटीला लावला आणि म्हणाले, "सरी." बरं, जातो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मला त्या एका शब्दानं जेवढा आनंद झाला तेवढा कशानं झाला नव्हता.

त्या दिवशी पहाटे अंघोळ करून मी कपाट उघडलं. पाठाला साडीच नेसायची असा कॉलेजचा नियम. हात आपोआप अंजिरी रेशमाकडे गेला, आणि मग मुद्दामच गेला. त्या दिवशी ते अंगावर चढायचंच होतं. ते नेसून कुठे जायचं, ते मी ठरवलं. बसमध्ये उभी राहिले. कंडक्टर घासला, भाजीची टोपली घासली, घासू दे म्हटलं. सरकारी शाळेतला पाचवीचा वर्ग, विषय बाष्पीभवन. मी ओलं फडकं फळ्यावर ओढलं आणि सगळी पोरं श्वास धरून ती ओल उडताना बघत बसली. पाणी गेलं कुठे? "सूर्य कुडिद्बिट्ट, मिस!" पुढच्या बाकावरची एक चिमुरडी ओरडली. सूर्यानं पिऊन टाकलं! तिला फळ्यापाशी बोलावलं, तर येताना तिनं माझा पदरच धरला. खडूचा अख्खा पंजा उमटलाय तुमच्या रेशमावर. मागे परीक्षक बाई लिहीत होत्या, त्यांचं पेन थांबलं, आणि त्या फळ्याकडे बघायला लागल्या. तेव्हाच मला कळलं, जमलं.

तर घरात दोन मास्तरणी झाल्या, आत्याबाई. एक फोटोत आहे, म्हणून काय झालं! निकाल लागायचाय अजून, पण जूनमध्ये मी वर्गातच असेन. पुढच्या वर्षीही परीक्षा आली तर पुन्हा हेच करीन, तुम्ही स्वप्नात येऊन डोळे वटारलेत तरी.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून एक लिहून ठेवते. पाठ संपल्यावर सगळ्यांना इडली आणि कॉफी दिली. मी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. इडली बाजूला सरकवली. परीक्षक बाई म्हणाल्या, घ्या की हो, छान झाला पाठ. मी नुसती कॉफी हातात धरून बसले. दीड वाजून गेल्यावर मठातून यांचा फोन आला, पानं झाली, आई जेवली. मग प्यायले. पार गार झाली होती.