आईचा रकाना

५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला महिना लावला म्हणून आधीच कान पकडतो. आम्ही तिघं खुशाल आहोत. नव्या जागेत आलो. दोन खोल्या आहेत, खिडकीतून गाड्या उभ्या करायचं पटांगण दिसतं, पण नळाला गरम पाणी येतं आणि दार आतून नीट बंद होतं. दारांची पारख मला आता चांगलीच झाली आहे. कारखान्यात दिवसाला शंभरएक दारांना बिजागऱ्या बसवतो. लेथवर केसभराचा फरक पकडणारे हात आता स्क्रू पिळतात, हे आईला सांगू नकोस. तिच्या लेखी मी अजून टर्नरच आहे.

तुझी भाची तीन वर्षांची झाली. दिवसभर बडबडते आणि माझ्यासारखीच सतत गुणगुणते, म्हणजे भुंग्याची भुंगी. बायकोला मेपासून औषधांच्या दुकानात पुन्हा कामावर जायचं आहे. तेव्हा आम्ही ठरवलं की आईला इकडेच आणायचं, कायमचं. काजं-बटणं करून तिने डोळे घालवले तेवढे पुरे झाले.

एक किरकोळ अडचण आहे. सात वर्षांपूर्वी इकडच्या व्हिसाचा अर्ज भरताना एजंट म्हणाला होता की मागे विधवा आई दिसली की हे लोक फाईल बाजूला ठेवतात, उद्या हा तिलाही आणेल म्हणतात. आईबाप नसलेल्याचं काम लवकर होतं. बाबा गेलेलेच होते. म्हणून आईच्या रकान्यात तिचं माहेरचं नाव लिहिलं आणि पुढे ‘मयत’ लिहिलं. मी चार वर्षांचा असताना, तापाने. आता तिला आणायचं तर ती बाबांची दुसरी बायको, म्हणजे माझी सावत्र आई, असं दाखवावं लागेल. पासपोर्टवर तिचं सासरचं नाव आहे, त्यामुळे कागद जुळतात. फक्त पहिल्या बायकोच्या मृत्यूचा दाखला लागेल. तू त्याच खिडकीवर बसतेस, तुला ते कठीण नाही.

आईला इतक्यात काही बोलू नकोस. तुझी माया आजवर मला पुरली, पुढेही पुरेल या भरवशावर आहे.

तुझा
भुंग्या


२८ जानेवारी

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी ऑफिसात वाचलं, जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर, समोर आठ माणसांची रांग असताना. पहिल्या माणसाचे वडील गेले होते. त्यांचं नाव मी त्याला तीनदा विचारलं, कारण मला काही ऐकूच येईना. तो बिचारा ओशाळून पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

मी रोज आठ-दहा जणांना कागदावर मारते, पण ती माणसं आधी मेलेली असतात. तू उलटा कारभार केलास. आणि वर किरकोळ अडचण म्हणतोस. तू निघालास त्याच्या आदल्या दिवशी आईने तुझ्या सगळ्या शर्टांची काजं पुन्हा पक्की केली, तिथे कोण करून देणार म्हणून. मी तिला सुईत दोरा ओवून देत होते. तेव्हा तो अर्ज मंजूर होऊन तुझ्या खिशात होता. मला राहून राहून तेच दिसतंय.

दाखला मिळणार नाही. नोकरी जाईल म्हणून नाही. तिचं नाव त्या रजिस्टरात माझ्या हाताने एकदाच लिहायचं आहे, आणि ते जितकं उशिरा लिहावं लागेल तितकं बरं. आणखी एक. तुला आई आणायची आहे की मुलीला सांभाळायला बाई आणायची आहे, हेही एकदा आरशात बघून विचार. राग आला तर येऊ दे. मी मोठी आहे, तो माझा हक्क आहे.

सुनेला आशीर्वाद, भुंगीला पापा. रागावले तरी तुझीच आहे.

ताई


१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आरशात बघितलं. मुलीला सांभाळायला माणूस हवं आहे, हे खरं आहे. आई हवी आहे, हेही खरं आहे. दोन्ही एकदम खरं असू शकतं, पण ते तुला खिडकीतून दिसायचं नाही.

वर्कशॉप बंद पडलं तेव्हा मी अकरा महिने घरी बसून होतो. जा, नशीब काढ, असं तुम्ही दोघीच म्हणालात. तुला कायमची नोकरी होती, तुला काय कळणार. एजंटच्या जिन्यात माझ्यामागे चाळीस जण उभे होते. त्याने विचारलं, लिहू का, आणि मी हो म्हटलं. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. त्या एका शब्दाने आईचं काय बिघडलं? ती तिथे होती तशीच होती.

बिघडलं ते इथे. पहिल्याच आठवड्यात फोरमनने घरी कोण कोण असतं विचारलं. कागद त्याच्याच टेबलावर होता, मी दुसरं काय सांगणार? त्याने बायकोला सांगितलं. दर रविवारी ती मला घरी बोलावून जेवू घालायला लागली. आजारी पडलो तर उशाशी बसली. बिनआईचं लेकरू म्हणून तिने मला जवळ केलं आणि मी ते करून घेतलं. तिला मी त्यांच्या भाषेत आई म्हणतो. आता मागे फिरायचं तर नोकरी, राहायचा परवाना, सगळंच जातं.

दाखल्याशिवाय चालेल असं कळलं. एका प्रतिज्ञापत्रावर भागतं, आणि मग आईची मुलाखत. पण आईला हे तूच सांग. मी चार वेळा लिहायला बसलो आणि चार कागद फाडले. एवढं एकदा माझ्यासाठी कर, मग हवं तितकं बोल.

तुझ्या शिव्यांसकट तुझा
भुंग्या


१० मार्च

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

सांगितलं. ती बटणं लावत बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि ‘मी कशाने गेले?’ एवढंच विचारलं. तापाने म्हटल्यावर म्हणाली की बरं झालं, फार दिवस कुणाला उस्तवार करावी लागली नाही. मग उठून मोरीत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. मी हाक मारली नाही.

बाहेर आली ती बॅग काढायला सांगतच. म्हणाली की नातीचं तोंड बघायला मिळत असेल तर शेजारीण म्हणूनसुद्धा जाईन. आता रोज जेवणं झाली की आमची मुलाखत चालते. मी साहेब होते, ती खुर्चीवर ताठ बसते. सगळं पाठ आहे, पण तुझा विषय निघाला की दर वेळी ‘माझा मुलगा’ म्हणते आणि मी ‘यजमानांचा मुलगा’ म्हणून दुरुस्त करते. काल तिला हसू फुटलं. मला फुटलं नाही. पोटच्या पोराची सावत्र आई व्हायला मी तिला शिकवते आहे, आणि ती मन लावून शिकते आहे.

शेजारणीपाजारणींना सांगून झालंय की मुलाने बोलावलं. तुझ्यावरचा राग मी तूर्त गुंडाळून ठेवला आहे, तिच्यासाठी. तब्येतीला जप.

ताई


२९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे उपकार कसे फेडू? मुलाखत ११ एप्रिलला आहे. आईला म्हणावं, विचारतील तेवढंच बोल, रडू नकोस, दुभाष्याचं पूर्ण होऊ दे. तिकीट काढून ठेवलं आहे.

एक गोष्ट आधीच कानावर घालतो, म्हणजे इथे आल्यावर गैरसमज नको. हिला खरं माहीत आहे, बाकी कुणालाच नाही. फोरमनच्या घरी रविवारी आम्हाला जावंच लागतं, त्यांनी आईलाही बोलावलं आहे. आजवर ज्या बाईंना मी आई म्हणत आलो त्यांच्यासमोर आणखी कुणाला आई म्हटलं तर त्यांना लागेल. सावत्र म्हटल्यावर तेवढं अंतर असतं असंच त्या धरून चालतात. तेव्हा चारचौघांत मी आईला ‘बाई’ म्हणेन. भुंगीलाही तसंच शिकवतो आहोत, पोर शाळेत बोलेल म्हणून. घरात दार लावल्यावर आईच. तिला समजावून सांग. हे नुसतं बोलण्यातलं आहे, मनातलं नाही.

आता थोडेच दिवस. पाठीशी आहेस तशीच राहा.

भुंग्या


१६ एप्रिल

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

हे मी स्वतः लिहिते आहे, ताईला दाखवलेलं नाही. अक्षर वाकडं येतंय, सांभाळून घे.

व्हिसा मिळाला. आधी तेच सांगते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. काचेपलीकडे ताईच्या वयाच्या एक बाई होत्या आणि शेजारी दुभाषा. मुलाची आई कशाने गेली, तुमचं लग्न कधी झालं, यजमान कधी वारले, सगळं विचारलं. मी कुठे चुकले नाही. मग त्या बाईंनी फाईल मिटली आणि सहज विचारलं, “ती कशी होती हो, तुम्हाला काही माहीत आहे?”

भुंग्या, आजपर्यंत मला हे कुणी विचारलं नव्हतं. तुझ्या बाबांनी नाही, तुम्ही दोघांनी नाही. मी सांगतच सुटले. म्हटलं, तापट होती. खिडकीशी बसून दिवसाला चाळीस काजं करायची. मुलाला ताप आला तरी काम सोडायची नाही, त्याला मांडीवर घेऊन त्याच्या डोक्यावरून हात लांब करून सुई चालवायची. एकदा सुई त्याच्या कानाला लागली तर तीच रडली, तो नाही. गाणं चांगलं म्हणायची, पण कुणी आलं की गप्प व्हायची. हे सगळं तुझ्या चौथ्या वर्षापर्यंतचंच सांगायचं होतं, पुढे ती नव्हती. तिथे थांबताना मला फार जड गेलं. पुढचं तिनेच केलेलं होतं ना सगळं.

त्यांनी विचारलं की मुलाने तुम्हाला आपलं मानलं का. मी म्हटलं, लहानपणी आईच म्हणायचा, आता मोठा झाला आहे. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या की सवतीबद्दल इतक्या मायेने बोलणारी बाई मी पाहिली नाही. आणि शिक्का मारला. बाहेर आल्यावर ताई पायरीवर बसून रडली. मला रडू आलं नाही.

मी येणार नाही. तुझं ‘बाई’चं पत्र ताईने माझ्यापासून लपवलं होतं, मुलाखतीहून आल्यावर तिच्या पर्समध्ये मला सापडलं. तोवर मी निघालेच होते, बॅग भरून तयार होती. त्या माउलीला तू आई म्हणतोस याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? तिने तुला जेवू घातलं, तिचे उपकार आहेत, तिला नमस्कार सांग. पण तिच्या घरी तू बाई म्हणून हाक मारायची आणि मी ओ द्यायची, हे माझ्याच्याने व्हायचं नाही. ऑफिसात एकदा खोटं बोलले. स्वयंपाकघरात रोज बोलता येणार नाही, तेही एवढ्याशा पोरीशी.

ताई म्हणते, तिकीट आहे तर महिनाभर तरी जाऊन ये. नातीला बघायची फार इच्छा आहे, अजूनही आहे. पण मी आले तर तिला सोडून परत येणार नाही, मला मी माहीत आहे. बाई होऊन तिथेच राहीन. म्हणून एक दिवससुद्धा येत नाही.

तू मला रागाने मारलं नाहीस, घाईत मारलंस, हे मला कळतं. राग असता तर कधीतरी उतरला असता. पोरीला दुसरी चांगली बाई बघा. जमेल तेव्हा तू इकडे ये, इथे तुला आई आहे.

पाकीट बंद करून पाठवते आहे, तिथे कुणी वाचणार नाही. म्हणून खाली खरं नातं लिहिते.

तुझी आई