होडीचा खेळ काळीबाईंच्या नावे

हृदयाची झडप फार दिवस साथ देणार नाही आणि शस्त्रक्रिया मला झेपणार नाही, असे नाशिकच्या डॉक्टरांनी मंगळवारी सांगितले. माझी पत्नी रंजना हिने दोनदा विचारून खात्री करून घेतली. म्हणून मी, गोरख तुकाराम अहिरे, वय ६६, राहणार जव्हार, तीस वर्षे एका दैनिकाचा तालुका वार्ताहर, डोके ठिकाणावर असताना, कोणीही न सांगता हे लिहून ठेवतो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेवी रंजनाच्या. तिच्यानंतर मुलगा सुदर्शन याच्या. ती असेपर्यंत घर विकण्याचा विषय त्याने काढू नये. मागच्या दिवाळीत काढला होता.

२. मोटारसायकल सुदर्शनला. कॅमेरा माझा सहकारी जगन याला. त्याने दोनदा मागितला, मी दोनदा नाही म्हणालो. तो माझा कोतेपणा होता.

३. गेमचा कन्सोल, दोन्ही रिमोट, लहान टीव्ही आणि होडीच्या खेळाची डिस्क काळी देवजी भोये यांना द्यावी. कन्सोल सुदर्शनचा होता. कॉलेज संपल्यावर त्याने तो माळ्यावर टाकला, भाताच्या पोत्यांमागे. "तुम्हाला देऊन टाकला," असे त्याने फोनवर सांगितले आहे; रंजना ऐकत होती. डिस्क मी नाशिकला दुकानाच्या सवलतीच्या टोपलीतून, अगदी तळातून घेतली. हा खेळ दोघे असल्याशिवाय चालत नाही, म्हणून कोणी नेत नाही, असे दुकानदाराने बजावले होते. सुदर्शन म्हणाला, "बाबा, फुकट वाटला तरी उरेल."

एकाने होडी वल्हवायची, दुसऱ्याने दिवा धरायचा आणि बेटाबेटांवर टपाल पोचवायचे, एवढाच खेळ. रंजनाला त्याने गरगरते. काळीबाई आमच्या ओट्यावर बसून असतात; त्यांची मुलगी जमुना वसतिगृहात स्वयंपाकाला जाते आणि आईला आमच्याकडे सोडते. मी एकटाच दोन रिमोटशी झगडत होतो तेव्हा त्या दारातून म्हणाल्या, "दादा, पाणी कुठं वळतं ते बघा ना आधी." तरुणपणी त्या खाडीवर रेतीच्या होड्यांवर मजुरीला जात. पाणी त्यांना कळते. आता होडी त्यांची, दिवा माझा. सतरा बेटे झाली. इतका आनंद मला कुठल्याच बातमीने दिला नाही. साठवलेला खेळ सुदर्शनने पुसू नये.

४. हे कलम काळीबाईंना जमुनासमोर वाचून दाखवावे आणि मगच कलम ३ अमलात आणावे.

मे २०१८ मध्ये सूर्यमाळच्या वर, काळीबाई तेव्हा राहत त्या पाड्यावर नळ सुरू झाले. बातमी पाचच्या आत पाठवायची होती. नळाला पाणी आलेले मी स्वतः पाहिले. टाकी आदल्या दिवशी टँकरने भरली होती, हे मी विचारलेच नाही. पाड्याची तहान भागली, असे लिहिले. खाली माझे नाव नव्हते. तेच कात्रण पुढे करून पाड्याचा टँकर बंद केला गेला. नवव्या दिवशी काळीबाई विहिरीच्या तळाशी पाणी खरवडायला उतरल्या आणि घसरल्या. खुबा मोडला. तेव्हापासून त्यांना डोंगर चढता येत नाही, म्हणून त्या इथे जमुनाकडे राहतात.

मी पेपरात होतो हे त्यांना ठाऊक आहे. ती बातमी माझी, हे ठाऊक नाही. पंधराव्या बेटाजवळ त्या सहज म्हणाल्या, "पेपरात आलं तवा टँकर बंद झाला. तुमी असता दादा, तर दुसऱ्या दिशी वर येऊन बघितलं असतं." मी दिवा भलतीकडे नेला. होडी खडकावर आपटली आणि त्या मला हसल्या.

५. वाचून झाल्यावर त्यांनी कन्सोल नाकारला तर कोणीही आग्रह करू नये. जमुनाचे येणे-जाणे मात्र पूर्वीसारखे राहावे. ही जबाबदारी रंजनाची.

हे सर्व मी स्वतः लिहिले, वाचले आणि साक्षीदारांसमोर सही केली.

गोरख तुकाराम अहिरे (सही)
साक्षीदार: १. रघुनाथ सखाराम चौधरी (सही) २. करण दत्तू वाघेरे (सही)
जव्हार, दि. १४ नोव्हेंबर २०२५

सह्यांनंतरची नोंद, मालमत्तेशी संबंध नाही: साक्षीदार रघुनाथ यांनी कलम ४ वाचून कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "गोरखभाऊ, हे तुमच्यामागं आम्ही का सांगायचं?" रविवारी अकरा वाजता जमुना आईला घेऊन येईल. टीव्ही लावण्याआधी मी सांगणार आहे.