एकतीस नंबरचा करंज

बोरिवली, ९ फेब्रुवारी १९८६

ती. सौ. ताईस,
लवूचा सा. न. वि. वि.

मी ठीक. तुमच्या जुन्या खोलीत आता मी एकटाच, त्यामुळे खोली मोठी वाटते आणि भांडी घासायला कोणी नाही. नोकरी लागली, तीही दारातच! चाळीमागच्या नदीला दगडी भिंत घालतायत. कॉन्ट्रॅक्टरकडे मी झाडांचा सुपरवायझर. हसू नकोस. काठावरच्या प्रत्येक झाडाला पांढरा पट्टा मारायचा, नंबर टाकायचा, रजिस्टरात जात आणि घेर लिहायचा. जाणार असेल त्याला लाल फुली. एक तोडलं की दोन लावायची, असा नियम आहे. बी. ए. झाला तो फुल्या मारायला, असं भावोजी म्हणतील. म्हणू देत.

तू कपडे धुवायचीस त्या दगडाजवळचा करंज अजून तसाच वाकडा आहे. त्याला नंबर एकतीस मिळाला.

शकुला मामाचा पापा. लोभ आहेच, थोडा पत्रातूनही येऊ दे.
तुझा, लवू

कुडाळ, १८ फेब्रुवारी १९८६

चि. लवूस,
ताईचे आशीर्वाद.

पत्र यांनी नेहमीसारखं मोठ्याने वाचून दाखवलं, गिरणीत सगळ्यांना पेपर वाचून दाखवायचे तसं. नोकरीचं ऐकून सातेरीपुढे नारळ ठेवला. शकु विचारते, मामा झाडांना नंबर देतो तर पास कोण होतं?

एकच विचारायचं आहे. एकतीसला फुली आहे का? असली तर पूस. नसली तर येऊ देऊ नकोस. बाळ गेल्यावर मी त्या करंजाखाली बसायचे. तू तेव्हा इथे शाळेत होतास, तुला माहीत नाही. दुपारपर्यंत माझं धुणं संपायचं नाही, चाळीतल्या बायका टोमणे मारायच्या. यापुढे काही विचारू नकोस. भाऊबीजेला आजवर साडी दिली नाहीस, तेवढं झाड दे.

जेवत जा वेळेवर. माया पाठवते, वजन भरत नाही म्हणून पोस्ट परत करणार नाही.
तुझी, ताई

(कडेला, धाकूभावोजींच्या अक्षरात)
लवू, हिचं मनावर घेऊ नको. संप फुटला तेव्हा मुंबईने माणसं उपटून टाकली, करंजाचं काय घेऊन बसलास? तोडतात तर तोडू दे. नोकरी सांभाळ.

बोरिवली, २ मार्च १९८६

ती. सौ. ताईस,
सा. न.

फुली आहे. मीच मारली. झाड भिंतीत येत नाही, पण डंपरच्या रस्त्यात येतं. बुंधा जमिनीलगत कापणार आणि वर मुरूम टाकून रस्ता करणार. रस्ता हातभर सरकवता येईल का म्हणून साहेबांना विचारलं, तर ते इतके हसले की चहा सांडला.

पण एक आयडिया आहे. आत्ता सांगत नाही, झकास सरप्राइज देईन. एकतीसला करवत लागणार नाही, लिहून ठेव. भाऊबीजेची साडी फिटली ना मग?

भावोजी, तुमचं ऐकलं नाही, कान पकडतो. दोघांची माया अशीच राहू दे.
लवू

बोरिवली, २७ मार्च १९८६

ती. सौ. ताईस,
सा. न. भावोजी, हे पत्र खास मोठ्या आवाजात वाचा!

ताई, जमलं! करंज जिवंत आहे. मुळासकट उचलला. भोवती गोल चर खणला, मुळांचा गड्डा गोणपाटात बांधला, फांद्या छाटल्या आणि क्रेनने उचलून शाळेमागच्या मैदानात उभा केला. मुकादम दादू आणि मी आठ दिवस खणत होतो, हातांना फोड आलेत. साहेबांनी झाडाशेजारी उभं राहून फोटो काढला. रजिस्टरात एकतीसपुढे मी स्वतः लिहिलं : स्थलांतरित, जिवंत.

एक गंमत सांगतो. दगडाच्या अंगाला कमरेइतकं खाली गेल्यावर कुजक्या फडक्याचा गोळा निघाला, त्यात काळ्या मण्यांची एवढीशी मनगटी. बिगारी बोंबलत पळाले, कुणीतरी करणी केली म्हणून. कोणी हात लावेना. शेवटी दादूने सगळं फावड्याने उचलून डंपरमध्ये टाकलं आणि वर लिंबू कापलं. ती माती चारकोपला प्लॉटच्या भरणीला गेली. नव्या घरवाल्यांना करणी फुकट!

आता मे महिन्यात या आणि आपलं झाड बघा. वाट बघतोय.
तुझा शहाणा भाऊ, लवू

कुडाळ, ५ एप्रिल १९८६

लवू,

पाकीट मी स्वतः पोस्टमनच्या हातात देणार आहे. हे बागेत गेलेत.

ती करणी नव्हती रे. माझं बाळ होतं, एकोणीस दिवसांचं. पुरायला पुरुषच जातात. आईला जागा सांगत नाहीत, ती तिथेच जाऊन बसेल म्हणून. हे परत आले तेव्हा यांच्या खांद्यावर करंजाची फुलं होती. काठावर करंज एकच. मनगटी मीच ओवली होती.

मला ठाऊक आहे हे यांना माहीत नाही. कळू देऊ नकोस, माझी शपथ. तुझं पत्र वाचताना हे मनगटीपाशी थांबले. मग म्हणाले, पुढचं अक्षर लागत नाही. मी म्हटलं, राहू दे. नंतर मी चोरून पुढचं वाचलं.

चूक तुझी नाही. मी झाड मागितलं, जागा मागायची राहिली.

आशीर्वाद आहेत.
ताई

कुडाळ, ५ एप्रिल १९८६

लवू,

पोस्टाच्या बाकावर बसून लिहितोय. यातलं अक्षर तुझ्या ताईला कळता कामा नये, तुला तिचीच शपथ.

ती मनगटी माझ्या पोराची. मीच पुरलं, याच हातांनी. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून कमरेइतकं खणलं. हिला जागा ठाऊक नाही. त्याच दगडावर ती धुणं धुवायची, मला बघवायचं नाही. म्हणून सकाळची पाळी मागून घेतली होती.

तोडू दे म्हटलं ते उगाच नाही. वरचं जाईल, खालचं राहील असं वाटलं.

माती कुठे टाकली ते बघ. मनगटी मिळाली तर तुझ्याकडे ठेव.
धाकू

बोरिवली, २४ एप्रिल १९८६

ती. भावोजी आणि ती. सौ. ताई,
दोघांच्या पाया पडतो.

हे पत्र दोघांनी शेजारी बसून वाचा. मोठ्याने नको.

तुमची दोन पाकिटं एकाच दिवशी आली. दोघांनी शपथ घातली. दोन्ही मोडतो. दोन्ही पत्रं सोबत घातली आहेत, एकमेकांची वाचा.

मी तीन दिवस चारकोपला जात होतो. भरणीवर रोलर फिरलाय, सगळं सारखं सपाट. दादूपण आला. फावडं आणलं नव्हतं त्याने, हातांनी उकरत होता. काही मिळालं नाही. मिळाली असं लिहिणार होतो, काळे मणी कुठल्याही दुकानात मिळतात. पण नाही लिहिलं.

करंज वाळला. रोज पाणी घातलं. साल नखाने खरवडली की आत तपकिरी लागतं. रजिस्टरातलं ‘जिवंत’ खोडायला गेलो तर साहेब म्हणाले, हात लावू नको, फोटो वर गेलाय. तोडलं असतं तर दोन लावावी लागली असती. वाळल्याबद्दल एकही लावायचं नाही.

चर खणताना झाडाखालच्या शेंगा मी खिशात टाकल्या होत्या. त्या चारकोपला पेरतो. बाळ नेमकं कुठे आहे ते माहीत नाही, म्हणून कुठेही पेरल्या तरी जागा चुकणार नाही. उगवतील असं सांगत नाही. मागच्या पत्रात खूप सांगून झालं.

उगवलीच रोपं, तर त्यांना नंबर टाकणार नाही. बाळाचं नाव मला आजवर कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. काय ठेवलं होतं? एका कागदावर दोघांनी मिळून लिहून पाठवा.

लोभ मागायला तोंड नाही. रागवा, पण लिहा.
लवू