बर्फघरातली ओल

६ डिसेंबर १९८१

आलो एकदाचा! दोह्याच्या कॅम्पात एका खोलीत बाराजण झोपायचो. घोरण्याचे बारा प्रकार तोंडपाठ झाले होते. आता इथे अख्खं घर माझ्या एकट्याचं. समोर समुद्र, मागे खारट चिखलाचं मैदान, आणि मधे आमचं हे पांढरं बर्फघर, अल खोरच्याही पुढे, एका वाळूच्या जिभेवर.

घर म्हणजे काय, तर पत्र्याची लांबट केबिन. भिंतीत दोन पत्र्यांच्या मधे ग्लासवूल, म्हणजे काचेची लोकर, ठासलेली. आत आडवी फळ्यांची भिंत. पलीकडे बर्फाच्या लाद्या, अलीकडे मी, माझी खाट आणि रॉकेलचा स्टोव्ह. मासेमारीच्या लाँची सकाळी येऊन लाद्या घेऊन जातात. बर्फ राखायचं आणि केबिन कोरडी ठेवायची, एवढंच काम. ग्लासवूल एकदा भिजली की मेली, मग थंडी काही धरत नाही. मी लॅगिंगचाच, म्हणजे असं अस्तर घालण्याचाच कारागीर, म्हणून साहेबांनी मला निवडलं.

सामानाच्या गाडीचा ड्रायव्हर रियाज विजयदुर्गाकडचा निघाला. मी मालवणचा. मग काय विचारता! त्यानेच बाजारातून नारळ आणला होता. नव्या जागी पाय ठेवायचा तर गाऱ्हाणं घालायला नको का? दारासमोर नारळ फोडला आणि हात जोडले. बा जागेच्या राखणदारा म्हाराजा, आज मी परको माणूस तुझ्या जाग्यार इलंय. तुझी हद्द तू सांभाळ, माझो उंबरो मी सांभाळतंय. माका सुखरूप घराक पोचय. गाऱ्हाण्याला मागून होकार द्यायला चारचौघं लागतात. इथे रियाज एकटाच होता. त्याने टोपी सारखी करून, हसू दाबत, मोठ्याने ‘व्हय म्हाराजा!’ म्हणून टाकलं. मग दोघांनी खोबरं खाल्लं.

१२ डिसेंबर

गिरीशसाहेब येऊन गेले. पुण्याचे इंजिनियर, माणूस मोजकं बोलणारा. सगळे सांधे बोटाने दाबून बघितले आणि खूश झाले. त्यांनी बजावलं की इथला पाऊस थोडा असतो पण वेडावाकडा असतो. छतावर ताडपत्री घाल, भोवती चर खण, सांध्यांना डांबर लाव. पण वरची वाऱ्याची जाळी मात्र कधी बंद करायची नाही. अशा बंदिस्त केबिनमध्ये माणसाच्या श्वासाचं आणि स्टोव्हच्या वाफेचं पाणी होतं, ते बाहेर गेलं पाहिजे.

मी हो म्हटलं आणि रजेचं विचारलं. ते म्हणाले, पावसाळी दिवस निभाव, बर्फ आणि केबिन शाबूत ठेव, शिमग्याला घरी जा. केबिन भिजली तर मात्र दुरुस्ती होईपर्यंत कोणाची रजा नाही. म्हणजे सगळं माझ्याच हातात आहे. मुलगी आठ महिन्यांची झाली आणि बापाने तिला अजून पाहिलेलं नाही. सरोजने तिचं नाव मृणालिनी ठेवलंय. पोरीपेक्षा नावच वजनदार! फोटो आलाय, काचेच्या चौकटीत. खाटेसमोर खिळ्याला टांगलाय. रोज सकाळी तिला विचारतो, काय बाईसाहेब, ओळखलंत का? ती आपली मुठी आवळून बघत असते.

१८ डिसेंबर

रियाज एक दिवसाआड येतो. लांबूनच दोनदा हॉर्न मारतो आणि ओरडतो, ‘काय रंगनाथा, बरो मा रे?’ मी आतून ओरडायचं, ‘व्हय म्हाराजा!’ मग तो गाडी वळवतो. कधी घाईत असला तर खालीही उतरत नाही. सामान दारात ठेवतो आणि जातो. तेवढ्या दोन शब्दांसाठी मी सकाळपासून कान लावून असतो, हे त्याला कुठे माहीत?

मी मुळात बडबड्या माणूस. आमच्या घरी सरोज म्हणायची, तुमच्या तोंडाला कुलूप घालायला गोदरेजवाल्याला बोलवावं लागेल. इथे लाँचीवाले इराणी. ‘यल्ला’ म्हणजे चला आणि ‘खलास’ म्हणजे संपलं, यापलीकडे आमचं बोलणं जात नाही. कॅम्पातलं घोरणं आठवून काल चक्क डोळ्यांत पाणी आलं. एकटा जीव सदाशिव म्हणतात, पण त्या सदाशिवालाही कोणीतरी सोबत असेलच की.

आज पश्चिमेला ढग धरलेत. ताडपत्री दोऱ्यांनी आवळली, चर खोल केला.

२१ डिसेंबर

पाऊस. मागच्या मैदानाचा चिखल झालाय. गाडी येणार नाही, लाँची बंदरातून हलणार नाहीत. केबिन आतून खडखडीत कोरडी. माझ्या कामाची मलाच शाबासकी दिली, दुसरं कोण देणार?

रोज राखणदारासाठी भाताचा घास बाहेर दगडावर ठेवतो. आज संध्याकाळी ठेवायला गेलो तर पावसाने तो माझ्यासमोर वाहून गेला. मला कसंतरीच झालं. आपण आत उबेत बसायचं आणि ज्याची जागा तो बाहेर भिजणार? दारात उभा राहून म्हणालो, कित्याक भिजतंस रे भायर? भुतुर ये. माझ्या वांगडा बस. काय आसा तां दोघां खाऊया.

होकार द्यायला मागे कोणी नव्हतं. मीच हसलो आणि दार लोटून घेतलं. पण घास आत वाढला, खाटेच्या पलीकडे. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

२३ डिसेंबर

भिंत ओली आहे. खाटेच्या पलीकडची, जमिनीपासून हातभर उंचीवर. छतावर चढून बघितलं, सांधा अन् सांधा कोरडा. बाहेरचा पत्राही धड आहे. म्हणजे पाणी आतलंच. साहेब म्हणाले होते तसं, श्वासाचं. पण मी झोपतो त्या बाजूची भिंत कोरडी आहे, आणि जिथे कोणीच झोपत नाही तिथे ओघळ.

फडक्याने पुसली. बोट जिभेला लावलं तर खारट. समुद्राचा वारा असेल. पण जाळी तर दुसऱ्या बाजूला आहे.

२५ डिसेंबर

पाऊस उघडला. रियाज डांबरी रस्त्यावर गाडी सोडून चिखल तुडवत आला. गुडघ्यापर्यंत माखलेला. रॉकेल, कांदे आणि त्याच्या बायकोने, अनीसाने, केलेल्या नारळाच्या वड्या. मला इतका आनंद झाला की मी तासभर एकटाच बोलत होतो.

बोलता बोलता घासाचं सांगितलं, आत बोलावल्याचं सांगितलं. त्याची वडी हातातच राहिली. म्हणाला, ‘रंगनाथा, ह्यां काय केलंस? राखणदार हद्दीर शोभता. उंबऱ्याच्या भुतुर कोण बोलवता त्येका?’ मी म्हटलं, बिचारा भिजत होता. तर म्हणाला, आपल्याकडचा राखणदार आपल्या मातीतला असतो, तो आपलं गाऱ्हाणं ओळखतो. इथे तुझं कोणी ऐकलं, तुला काय ठाऊक? या किनाऱ्यावर पूर्वी मोत्यांसाठी बुड्या मारायचे. कमरेला दोर बांधून, दम धरून खाली जायचे. सगळेच वर आले नाहीत.

मी चेष्टा करायला गेलो, पण त्याने ते हसण्यावारी नेऊ दिलं नाही. भिंतीवरची ओल बघितली आणि सामान बांध म्हणाला. मी कसा बांधणार? केबिन सोडून गेलो तर शिमगा गेला. नाही म्हटलं. जाताना तो म्हणाला, साहेबांच्या मागे लागतो, तुला लवकर रजा मिळवून देतो, इन्शाल्ला. आणि घास आत वाढू नको.

त्याची पावलं चिखलात बराच वेळ ऐकू येत होती. मग काहीच नाही.

२६ डिसेंबर

घास वाढला नाही. भांड्यातला सगळा भात सकाळी पाण्यात बुडालेला. खारट.

२७ डिसेंबर

पुन्हा पाऊस, तिरपा. जाळीतून तुषार आत येतायत. फळ्यांच्या भिंतीलाही ओल फुटली. आता ती पलीकडच्या ग्लासवूलपर्यंत जाणार. ग्लासवूल गेली तर बर्फ गेलं, बर्फ गेलं तर रजा गेली. मी जाळीवर पत्रा ठोकला. वरून डांबर. दाराच्या फटीत रबर ठासलं, त्यावरही डांबर. साहेब रागावतील. रागावू देत. कारागिराला त्याचं काम कळतं. आता बाहेरचा थेंबही आत येणार नाही.

हे लिहिताना ध्यानात आलं, आतलाही बाहेर जाणार नाही.

भटाला दिली ओसरी, भट हळूहळू पाय पसरी. ओल आता माझ्या खाटेपर्यंत आली आहे. अंथरुणाची अर्धी बाजू ओलीचिंब, माणसाएवढी लांब. मी कडेला अंग चोरून झोपतो.

२८ डिसेंबर

दुपार. स्टोव्ह पेटवला की ज्योत पिवळी होते. डोकं जड.

मृणालिनीच्या फोटोच्या काचेवर धुकं धरलंय. पुसलं. परत आलं. वाटीएवढा गोल. आला, विरला. आला, विरला.

मी माझा श्वास रोखून बघितलं.

गोल येतच होता. कोणीतरी काचेला नाक लावून तिच्याकडे बघतंय.

फोटो उतरवून उशीखाली ठेवला. त्याला माझ्या पोरीशी काय करायचंय? मला भीती वाटते. आता सरळ लिहितो, मला फार भीती वाटते. सरोज, तू इथे असतीस तर —

२९ डिसेंबर

फोटो परत खिळ्यावर. मी टांगलेला नाही.

गाऱ्हाणं घातलं. चुकलंय माझं म्हाराजा. तू आपल्या हद्दीर जा. माका माझ्या घराक जाव दी. किती वेळ हात जोडून उभा होतो. नुसता श्वास. लांब, ओला, फार दिवस दम धरलेल्या माणसाने घ्यावा तसा. तो माझ्या वाटणीची हवा घेतोय.

मग मी विचारलं, तुका काय होया?

फोटोवर धुकं आलं.

दार उघडायला गेलो. डांबर घट्ट बसलंय. माझंच काम. रबर, डांबर, वर पत्रा. बर्फ फोडायची कोयती फळ्यांपलीकडे राहिली, आणि तिकडे जायचं फळ्यांतलं दारही फुगलंय. हातात जोर नाही —

३० डिसेंबर

पाऊस थांबला असावा. छतावर आवाज नाही.

सकाळपासून माझा घसा भरलाय. बोललो की खारं पाणी येतं, शब्द येत नाही. आणि माझ्या भिंतीवरची ओल गेली. पलीकडची भिंतही कोरडी होत चाललीय. सगळी ओल आता माझ्यात —

कोपऱ्यात माझा निळा शर्ट उभा आहे. खिळ्याला नाही. उभा आहे.

तो पुटपुटतोय. माझं रोजचं. काय बाईसाहेब, ओळखलंत का. पुन्हा पुन्हा. आधी चुकत होता. आता चुकत नाही.

—

हॉर्न. दोनदा. रियाज! देवा, रियाज आला —

ओरडतोय. रस्ता सुकला. साहेबांनी रजा दिली. यल्ला, सामान घे, उद्याचं विमान. काय रंगनाथा, बरो मा रे?

मी तोंड उघडलं. पाणी. नुसतं पाणी. भिंतीवर मुठी मारल्या, ओल्या मुठी, आवाज होत नाही —

कोपऱ्यातून उत्तर गेलं. माझ्या आवाजात. मोठ्याने, आनंदाने.

व्हय म्हाराजा!

रियाज हसला. बाहेर हसला. किती दिवसांनी त्याचं हसू —

दार उघडलं. मला उघडता न आलेलं दार, सहज. ऊन आत आलं. लगेच गेलं. दार लागलं.

गाडीची दोन्ही दारं लागली. आधी एक, मग दुसरं.

खिळा रिकामा. फोटो नाही.

सरोज, तो दारात उभा राहील. माझ्यासारखा हसेल. पोरीला मागेल. अंगाला खारा वास येईल बघ, तेवढं बघ. सरोज, त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ —