उलटे शब्द आणि सैल शर्ट

३ मार्च
सूनबाईने आज मला मास्तर केलं! दवाखान्यात स्वागताच्या टेबलावर नोकरी आहे, तिच्यासाठी इंग्रजीची परीक्षा. ती पुस्तकातला शब्द आणि अर्थ वाचणार, मी शिवता शिवता दुकानातलं उदाहरण द्यायचं. म्हणे उदाहरण असलं की डोक्यात राहतं. आजचे सगळे शब्द पुढे नकार लावलेले. अनइव्हन — एकसारखं नसलेलं. म्हटलं, काल तू पडद्याला घातलेली दुमड. इनकम्प्लीट — अपुरं. याची उदाहरणं तर खुंटीखुंटीला लटकलीत. शाळेत इंग्रजीत गटांगळ्या खाल्लेला माणूस, आणि मास्तर!

६ मार्च
अनटाय — गाठ सोडणे. ती अडली. इथे "नाही" कुठे आहे, बाबा? म्हटलं, जी गाठ बांधलीच नाही ती सोडवणार कोण? आधी बांधलेली असावी लागते.
बोलून गेलो आणि तिने पुस्तक मिटलं. मुलगा जाऊन तीन वर्षं झाली. तिने तरी किती दिवस असं राहायचं?

९ मार्च
नाक्यावरचा औषधवाला शर्टाचं कापड देऊन गेला. भला माणूस, एकटाच आहे. त्याने तिला लग्नाचं विचारलंय, तिनेच मला सांगितलं. नाही म्हणाली त्याला. का, तर बाबांचं कोण बघणार! मी काय कुकुलं बाळ आहे? —
खरं सांगायचं तर तिला यायला उशीर झाला की मी मशीन थांबवून दाराकडे बघत बसतो. भीती वाटते. हे तिला कळता कामा नये.

१० मार्च
अनवॉन्टेड — नकोसा. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने पान उलटलं. "याला आपल्या घरात उदाहरण नाही, बाबा."

१४ मार्च
काय करून बसलो मी! औषधवाल्याने शर्ट घालून बघितला, तर खांदे ओघळलेले, बाह्या बोटांवर. त्याचं माप घेतलं होतं, पण कापताना बघितलंच नाही. हात आपोआप मुलाच्या मापाने चालले. सूनबाई काजं करत होती, तिने वर बघितलं आणि ओळखलं. तिचे डोळे भरले.
मी म्हटलं, उसवून देतो. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग सावकाश बाह्या दुमडल्या.
"राहू द्या याच मापाचा," म्हणाला. "मी असाच घालीन."
असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. जावईच म्हणायचं की, ती लेकच आहे माझी.

१५ मार्च
तिला स्पष्ट सांगितलं, हो म्हण. माझं काय, कोपऱ्यावर खानावळ आहे, मशीन आहे, गिऱ्हाइकं आहेत. "डिसअग्री," म्हणाली आणि इस्त्री करायला निघून गेली. शिकवलेलं असं अंगाशी येतं!

२१ मार्च
परीक्षा बरी गेली. आणि तिने त्याला हो म्हटलं! मान खाली घालून सांगत होती. मी डोक्यावर हात ठेवला, हसलो, पेढा खाल्ल्यासारखं तोंड केलं. जेवण मात्र गेलं नाही.

२३ मार्च
दोघं दुकानाबाहेर हळू आवाजात बोलतात, मी आलो की थांबतात. घर बघतायत. बघावंच. मीच तर मागे लागलो होतो. पण त्या उलटलेल्या पानाचं उदाहरण आता सापडलंय, आणि ते या मशीनवर बसलंय.

२४ मार्च
औषधवाला आला. तोच शर्ट, बाह्या दुमडलेल्या. माझा टेप मागितला. म्हटलं, शेवटी शर्ट मापात करून हवाय वाटतं. तर खाली वाकून मशीनचंच माप घ्यायला लागला!
सूनबाई दारातून म्हणाली, "नीट घ्या हं. नव्या घराचं दार अरुंद आहे, आणि बाबा मशीनशिवाय यायचे नाहीत."