काट्याकडून वजन आलं नाही

नाना,

आज आमच्याकडे नव्या मुलीनं प्रोग्रॅममध्ये बिघाडाचा संदेश लिहिला, 'वापरणाऱ्याची चूक', आणि मला धुळ्याच्या डेअरीतली ती सकाळ आठवली. नव्वदच्या दशकाची सुरुवात. मी कॉम्प्युटरवर बसणारी एकटी बाई. तुम्ही लिहिलेला प्रोग्रॅम दुधाच्या काट्यावरचं वजन वायरीतून घेतो, आणि काही बिनसलं की प्रिंटर करकरत छापतो, 'ऑपरेटर एरर'. त्या दिवशी पारोळ्याकडच्या गाड्यांचं दूध नोंदलंच गेलं नाही. साहेब कागद नाचवत म्हणाले, "ऑपरेटरची चूक, हे काय मी लिहिलंय? उद्यापासून येऊ नका." सभा गाजवणारी मी. श्रमाचा सन्मान, बाईचा हक्क, सगळं सुनवायला लागले. तुम्ही जळगावहून एसटीनं नुकतेच उतरला होतात. दारातूनच तुमच्या अहिराणीत म्हणालात, "बठ्ठं खरं शे माय, पन हाई वाक्य मी लिखेल शे. साहेब, बिघाड कसलाही असो, हेच छापायचं, असा आळस मी केलाय. एक दिवस द्या."

मग शेजारी बसवून तुम्ही दाखवलंत. वाक्यात टक्क्याची खूण टाकून जागा मोकळी सोडायची. प्रोग्रॅम चालताना त्या जागी खरा आकडा येऊन बसतो. आधी वेळ, मग ठिकाण, मग काय हवं होतं आणि काय आलं. मी विचारलं, "आणि चूक कोणाची?" तुम्ही हसलात. "ते मशीनले काय ठाऊक? व्हयनं तेवढं लिख." म्हणजे, झालं तेवढंच लिही.

दुसऱ्या दिवशी थंड खोलीचा कॉम्प्रेसर सुरू झाला आणि प्रिंटरनं छापलं, 'काट्याकडून वजन आलं नाही. अपेक्षित: आकडा, मिळालं: रिकामं'. कॉम्प्रेसर जेव्हा जेव्हा सुरू होई, तेव्हा तेव्हा तेच. साहेबांनी कागद दोनदा वाचला. "कॉम्प्रेसरमुळे काट्याची वायर बिघडतेय, वायरमनला बोलवा," म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता, "बाई, तुम्ही बसा."

मी बसले ती आजवर. आता वेळ नि ठिकाण तयार कोडची लायब्ररीच लावून देते. वाक्य मात्र अजून माणसालाच लिहावं लागतं. माणसावर सहज आळ घेणारं वाक्य अन्यायच करतं, मग ते व्यासपीठावरचं असो की प्रिंटरवरचं, हे मी आता भाषणांतही सांगते, आणि लोक ऐकतात.

पण नाना, आज त्या मुलीचं काम परत करताना मी सगळ्यांसमोर आवाज चढवला. काय झालं ते आधी विचारलंच नाही. तुम्ही गेल्यावर हे पत्र कुठे टाकणार? खणात ठेवते. उद्या तिला शेजारी बसवते.